आत्या नागपुरात, बाग सौंसरला: एका वकील मॅडमच्या कामाबद्दल

सुरुवातीलाच सांगून टाकते, नाव देणार नाही. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे, नियम ३६, आणि मॅडमनी स्वतःच बजावलंय, "ताई, काय लिहायचं ते लिहा, पण माझं नाव टाकलं की लोक म्हणतील हिनंच लिहून घेतलं." तेव्हा एवढंच समजा की ऑफिस धरमपेठेत आहे, पहिल्या मजल्यावर, आणि जिना अरुंद. लिफ्ट नाही. म्हाताऱ्या माणसाला वर नेणं कठीण, आणि यांची निम्मी कामं म्हाताऱ्या माणसांचीच. पाचातला अर्धा तारा मी त्या जिन्यावरच कापते.

माझं अयोध्यानगरात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे वकिलाचं काम मी आधी कागदावरून जोखते, बोलण्यावरून नंतर. बोलायला काय, सगळेच छान बोलतात.

काम होतं माझ्या आत्याचं. सख्खी आत्या, वडिलांची मोठी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. माहेर सावनेर, दिली सौंसरला. आता सौंसर म्हणजे मध्य प्रदेश, पण घराघरात मराठी. सावनेर ओलांडून पुढं गेलं की राज्य बदलतं, पण पोळ्याची तान्ही बैलं तीच राहतात. आत्याचे यजमान तिकडच्या सरकारी शाळेत मास्तर होते. ते गेले, मूलबाळ नाही. मागं राहिलं ते एक घर, साडेचार एकर संत्र्याची बाग आणि तिथल्याच बँकेत दर महिन्याला जमा होणारं कुटुंब निवृत्तिवेतन. मग हळूहळू सुरू झालं. गॅस चालू ठेवून देवळात जाणं. बगीच्याच्या व्यापाऱ्याकडं एकाच बहाराचे, म्हणजे एकाच फळहंगामाचे, पैसे दोनदा मागणं. मला माझ्या आईच्या नावानं हाक मारणं. मेंदूच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला आणि मी तिला नागपूरला घेऊन आले.

आली, आणि तिकडचं सगळं अडलं. चेकवरची सही जुळेना. आंबिया बहार तोंडावर आलेला, बाग ठेक्यानं द्यायची तर करारावर सही कोणाची? नोव्हेंबरात हयातीचा दाखला. घराची कर-पावती. आत्याच्या औषधाचा आणि दिवसभराच्या बाईचा खर्च माझ्या दुकानातून, आणि आत्याचे स्वतःचे पैसे बँकेत कुलपात.

सल्ले देणारे भरपूर मिळाले. एक एजंट म्हणाला, "मुखत्यारपत्र करून टाका, अंगठा घेऊ, कोण विचारतं?" एका वकिलांनी १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज टाकतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली. तो कायदा अज्ञान मुलांसाठी, म्हणजे अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तो कसा लावणार होते देव जाणे. रक्कम अजून तिकडंच आहे. आणि आत्याच्या दिराचा मोठा मुलगा, सौंसरलाच राहतो, त्याच्या वकिलानं फोनवर ऐकवलं, "जमीन हमारे यहाँ है, केस भी यहीं चलेगा." तीन माणसं, तीन तऱ्हा, आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं.

या पार्श्वभूमीवर मॅडमची पहिली बैठक. फी दोन हजार, पावतीसकट. मी जमिनीचे कागद पुढं सरकवले तर त्यांनी ते बाजूला ठेवले आणि विचारलं, "आत्या झोपतात कुठं?"

म्हटलं, माझ्याकडं.

"सहा महिन्यांपूर्वी कुठं झोपायच्या? परत सौंसरला न्यायचा विचार आहे का? डॉक्टर कुठले? दिवसभर सोबत कोण? पुतणे येतात का भेटायला, की तुम्ही येऊ देत नाही?" शेवटच्या प्रश्नाला मला थोडा राग आला, पण तो विचारायलाच हवा होता हे आता कळतं. पुढचा सगळा खटला त्या प्रश्नांच्या उत्तरांवर उभा राहिला. जमिनीचे कागद त्यांनी तासाभरानंतर उघडले.

त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगते. जमिनीचं भांडण असतं, म्हणजे मालकी, वाटणी, कब्जा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे जमीन जिथं तिथलंच कोर्ट. त्या अर्थानं सौंसरचा वकील काही वेडा नाही. पण इथं जमिनीवरून भांडण आहे कुठं? जमीन आत्याची आहे हे सगळ्यांनाच मान्य. प्रश्न आहे तो आत्याचा. तिच्यासाठी निर्णय कोणी घ्यायचे, एवढाच. आणि आत्या नागपुरात आहे. "माणूस जिथं राहतं तिथल्या कोर्टानं त्याच्याकडं बघावं. मालमत्ता त्याच्या मागून येते," हे त्यांचं वाक्य मी दुकानात दहा जणांना तरी ऐकवलं असेल.

मुखत्यारपत्र त्यांनी एका मिनिटात निकालात काढलं. मुखत्यार नेमणाऱ्याची मती गेली की मुखत्यारी संपते, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. आत्या शुद्धीत असताना केलेलं असतं तरी आज ते मेलेलं असतं. आता अंगठा घेतला तर तो कागद आत्याचा नाही, फौजदारीचा. परदेशात म्हणे असं मुखत्यारपत्र करता येतं जे नंतर माणसाचं भान हरपलं तरी टिकतं. आपल्याकडं ती सोय नाही.

मग कायदा कोणता? इथं मला खरा धक्का बसला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता तेव्हा अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयात चौकशीचा अर्ज करता यायचा, आणि कुठल्या जिल्ह्यात हेही त्यातच लिहिलेलं होतं: ती व्यक्ती राहते त्या. २०१७ चा नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला, जुना रद्द झाला. नव्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांच्या निर्णयापुरता. दवाखान्यात सही चालेल, बँकेत नाही. मालमत्तेचं अख्खं प्रकरण गळालं आणि त्याच्या जागी काही आलंच नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात कलेक्टरच्या स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो, मात्र तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १४, मर्यादित पालक: त्यात पालकानं त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून निर्णय घ्यायचा. कल्पना चांगलीच आहे, पण माझ्या आत्याला मी बागेच्या ठेक्याबद्दल विचारलं तर ती मला सांगते की मास्तर शाळेतून आले की विचार.

उरतं ते हायकोर्ट. संविधानाचं कलम २२६ आणि ज्याला स्वतःचं बघता येत नाही त्याचं राज्यानं बघावं हे जुनं तत्त्व. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी अशी पालक नेमणुकीची रीत घालून दिली: मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं वैद्यकीय मंडळ तपासणार, तहसीलदार दर्जाचा अधिकारी घरी जाऊन अहवाल देणार, शक्यतो जवळचा नातेवाईक पालक होणार, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. मुंबई उच्च न्यायालयानंही २०२० मध्ये बेशुद्ध नवऱ्यासाठी बायकोला पालक नेमलं. मॅडमनी या दोन्ही निकालांच्या प्रती काढून महत्त्वाच्या ओळींना पिवळी रेघ मारून माझ्या हातात दिल्या. "घरी वाचा, समजलं नाही तर विचारा." असं मला आजवर कुठल्या वकिलानं म्हटलेलं नाही.

आणि मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ मध्य प्रदेशातल्या बँकेला कसं सांगणार? तर २२६ मध्येच १९६३ च्या घटनादुरुस्तीनं सोय झालेली आहे. ज्याच्याविरुद्ध आदेश हवा तो दुसऱ्या राज्यात बसलेला असला, तरी दाव्याचं कारण थोडंसं जरी इथं घडलेलं असेल तर इथलं हायकोर्ट ऐकू शकतं. आत्या इथं, उपचार इथं, पैशाची गरज इथं. एवढं कारण पुरलं.

इथं जरा विषय सोडून. सिव्हिल लाइन्समधलं आपलं हे घुमटवालं हायकोर्ट १९३६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्थापन झालं. नागपूर तेव्हा राजधानी. छिंदवाड्याचा, सौंसरचा माणूस अपिलाला इथंच यायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, आपण मुंबई राज्यात गेलो आणि मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला. म्हणजे आत्या लहान असताना हा प्रश्न आलाच नसता. सौंसरहून नागपूर दोन तासांत, जबलपूरला जायचं तर अख्खा दिवस. नकाशावर रेघ मारणाऱ्यांना काय, चालतं.

मॅडमना खरी काळजी हायकोर्टाची नव्हतीच. त्यांना काळजी होती दोन खटल्यांची. मी इथं एक टाकला आणि पुतण्यानं तिकडं दुसरा टाकला, तर? दोन राज्यांतली प्रकरणं एका जागी आणायची तर संहितेचं कलम २५, म्हणजे सुप्रीम कोर्ट. दिल्ली. "तोवर आत्यांची पेन्शन कोण काढणार?" म्हणून त्यांनी अर्ज दाखल करायच्या आधी सौंसरच्या पुतण्याला पत्र लिहिलं. मला वाटलं होतं कडक नोटीस जाईल. गेलं ते साधं दोन पानी पत्र, हिंदीत, सहीखाली मोबाइल नंबर.

त्या पत्रात एक गोष्ट त्यांनी उघड मांडली जी आमच्या घरात कोणी तोंडावर बोलत नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल नसलेल्या विधवेला नवऱ्याकडून मिळालेली मालमत्ता, मृत्युपत्र नसेल तर, तिच्या मागं नवऱ्याच्या वारसांकडं जाते. म्हणजे बाग उद्या पुतण्यांचीच. मी भावाची मुलगी, मला त्यात काही नाही. पुतण्याला भीती होती की मी पालक होऊन बाग विकेन. मला भीती होती की तो आत्याला परत नेऊन घरात कोंडेल. दोघंही आपापल्या गावच्या कोर्टाच्या नावानं भांडत होतो. मॅडमनी लिहिलं की अर्जात जमीन विकायची परवानगी मागितलेलीच नाही, हवी तर तशी मनाई आम्ही स्वतःहून मागतो, आणि सहामाही हिशेबाची प्रत तुम्हाला मिळेल. पुतण्या एका रविवारी त्यांच्या ऑफिसात आला. जिन्याबद्दल त्यानंही कुरकुर केली. जाताना संमतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं कबूल करून गेला.

धाकटा पुतण्या अमेरिकेत, न्यू जर्सीला. त्याचं प्रतिज्ञापत्र न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन आलं. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तिकडं नेमका याच भानगडीवर कायदा आहे. २००७ साली तिथल्या युनिफॉर्म लॉ कमिशननं प्रौढांच्या पालकत्वाच्या अधिकारक्षेत्राचा एक नमुना कायदा केला आणि बहुतेक राज्यांनी तो घेतला, न्यू जर्सीनंही. त्या आधी तिकडंही हेच चालायचं: एक मुलगा आईला उचलून दुसऱ्या राज्यात नेणार, तिथं पालक व्हायचा अर्ज करणार, आणि दोन कोर्टांचे दोन आदेश. आता नियम असा की अर्जाच्या आधी सलग निदान सहा महिने माणूस ज्या राज्यात राहत होतं ते त्याचं 'होम स्टेट', पहिला हक्क तिथल्या कोर्टाचा. तसं राज्य नसेल किंवा त्यानं नकार दिला, तर ज्या राज्याशी त्या माणसाचा खरा संबंध आहे ते. दोन राज्यांचे न्यायाधीश एकमेकांशी थेट बोलू शकतात. माणूस दुसरीकडं राहायला गेलं तर पालकत्व तिकडं हलवता येतं, आणि एका राज्याचा आदेश दुसऱ्या राज्यात नोंदवून वापरता येतो.

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचं विचारलं. आपल्याकडं तसा नियम नाही, पण न्यायाधीशाच्या मनात तोच प्रश्न येतो: हिला नुसतं अर्जापुरतं उचलून आणलंय का?" आत्या माझ्याकडं आल्याला तोवर वर्ष उलटून गेलं होतं आणि मेंदूच्या डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीची चिठ्ठी माझ्याकडं तारीखवार लावलेली होती. दुकानाची सवय.

आता कागद. हा माझा प्रांत, त्यामुळे जरा लांबेन.

याचिकेची पेपरबुक, म्हणजे कोर्टात द्यायचा कागदांचा गठ्ठा, मी पानपान बघितली. अनुक्रमणिका, त्यात तारखांचा गोषवारा, मग याचिका, मग जोडपत्रं, आणि पान क्रमांक सगळीकडं एकाच जागी, उजव्या कोपऱ्यात वर, शिक्का पडला तरी झाकला जाणार नाही असा. सौंसरच्या जमिनीचे कागद हिंदीत: खसरा, बी-१, नक्शा, ऋण पुस्तिका. आपल्या सातबारा-आठअची सवय झालेल्या डोळ्यांना ते लवकर उमगत नाहीत. मॅडमच्या ज्युनिअर मुलीनं प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर त्याच्याच मागं लावलं होतं, आणि खसऱ्यातल्या रकब्याचे, म्हणजे क्षेत्राचे, हेक्टर एकराशी ताडून खाली पेन्सिलीनं बारीक आकडा. बँकेच्या पासबुकावर आत्याचं नाव एका स्पेलिंगनं, पेन्शनच्या आदेशावर दुसऱ्या. हे तिनं पकडलं. 'दोन्ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं. हे राहिलं असतं तर आदेश हातात असून बँकेनं परत पाठवलं असतं, लिहून देते. झेरॉक्स मात्र त्यांची गचाळ. टोनर संपत आलेला, दोन पानांवर काळा पट्टा. मी ती पानं माझ्या दुकानातून पुन्हा काढून दिली, फुकट.

मॅडम आत्याला बघायला घरी आल्या. अर्जदाराच्या घरी वकील येतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी कोट घातला नव्हता, साधी सुती साडी. आत्या पलंगावर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत होती. मॅडम तिच्या शेजारी बसल्या.

"आत्याबाई, बाग कुठं आहे तुमची?"

"हे का, मागं." आत्यानं आमच्या न्हाणीघराकडं बोट दाखवलं. "औंदा मिरग धरला नाही. पाणीच नाही तर काय धरता?"

"आणि पैसे कोण आणतं बँकेतून?"

"मास्तर."

"ही कोण?" माझ्याकडं बोट.

आत्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "ही? ही देते जेवायला. चांगली हाय. मीठ कमी टाकते पण."

मॅडम हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं. नंतर मला म्हणाल्या, "मृग बहार का धरला नाही हे त्यांना कळतं. म्हणजे बागेबद्दल काही ठरवायचं असेल तर त्यांच्यासमोर बोला, उत्तर चुकलं तरी." हे कुठल्या कलमात नाही, पण त्यांनी याचिकेत एक वाक्य घातलं की पालक महत्त्वाचे निर्णय आत्याला सांगून घेईल, तिला कळतं तितकं.

सुनावणीचं फार सांगत नाही. तारखा पडल्या, वाट पाहिली, कॅन्टीनचा चहा. एका तारखेला न्यायमूर्तींनी अपेक्षित प्रश्न विचारला: मालमत्ता सगळी मध्य प्रदेशात, मग नागपूर का? मॅडमचं उत्तर जेमतेम अर्धा मिनिट. व्यक्ती या न्यायालयाच्या क्षेत्रात राहते, वर्षभरापासून, उपचार इथले. मालमत्तेवर वाद नाही. विक्रीची परवानगी मागितलेली नाही. दोन्ही पुतणे आणि मध्य प्रदेश शासन प्रतिवादी आहेत. समांतर कार्यवाही कुठेही नाही, तसं सगळ्यांच्या शपथपत्रावर आहे. पुढं वैद्यकीय मंडळाकडून तपासणी झाली, तहसीलदारांचे दोन अहवाल आले, आमच्या घरचा इथून आणि बागेचा तिकडून. मग आदेश.

आदेशात मला पालक नेमलं. पेन्शनचं खातं चालवायचं, उपचार, घराची डागडुजी, बाग एका वेळी एकाच बहारासाठी ठेक्यानं द्यायची. जमीन किंवा घर विकायचं, गहाण टाकायचं नाही. दर सहा महिन्यांनी हिशेब. आणि आत्याचं राहण्याचं ठिकाण महाराष्ट्राबाहेर न्यायचं झालं तर आधी कोर्टाला कळवायचं. हे शेवटचं कलम मॅडमनी स्वतःच सुचवलं होतं. उद्या मला झेपलं नाही आणि पुतण्या तिला घेऊन गेला, तर पालकत्व जबलपूरच्या हद्दीत नेण्याची तयार पायवाट आपल्याकडं नाही, निदान नोंद तरी असावी म्हणून.

खरी परीक्षा सौंसरच्या बँकेत होती. काउंटरवरच्या साहेबांनी आदेश उलटापालटा करून बघितला. "ये तो महाराष्ट्र का है." मी मॅडमनी शिकवलेलं सगळं म्हटलं: संविधानाचं कलम २६१, एका राज्यातल्या न्यायालयीन कार्यवाहीला भारतभर मान. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी परिच्छेद दाखवला जिथं त्यांच्याच बँकेचं, त्यांच्याच शाखेचं नाव लिहून निर्देश दिलेला होता, कारण मॅडमनी बँकेला सुरुवातीपासून प्रतिवादी केलेलं होतं. तेव्हा खुर्ची आली, पाणी आलं. प्रमाणित प्रत त्यांच्या विधी विभागाला गेली आणि पुढच्या आठवड्यात खातं चालू. अशा कामात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ज्या ज्या कार्यालयात आदेश दाखवायचा आहे त्याला आधीच पक्षकार करा. नाव वाचलं की माणूस हलतो.

आता तक्रारी. मॅडम फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सहानंतर ज्युनिअर उचलते आणि "मॅडम ड्राफ्टिंगमध्ये आहेत" हे एकच वाक्य बोलते. बाहेर बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उन्हाळ्यात कूलर फक्त आतल्या खोलीत, आणि मे महिन्यातलं नागपूर म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. फी एकरकमी सांगत नाहीत, टप्प्याटप्प्यानं घेतात. शेवटी बेरीज माझ्या अंदाजापेक्षा जास्त झाली. प्रत्येक टप्प्याची पावती दिली हे खरं, पण पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. आदेश इंग्रजीत येतो, तो मराठीत समजावून सांगतात, लेखी देत नाहीत. मी स्वतः टाइप करून घेतला, आत्याच्या दिवसभराच्या बाईसाठी, कारण तिला माहीत असायला हवं की कोणाला घरात येऊ द्यायचं. आणि मध्य प्रदेशातलं काम त्या करत नाहीत. जमीन पुढंमागं विकायची वेळ आली तर परवानगीसाठी कुठं जायचं याचा सल्ला देतील, जबलपूरचा वकील तुम्हालाच शोधावा लागेल.

पाचपैकी चार. अर्धा जिन्याचा गेला, अर्धा फोनचा.

जाणाऱ्यांसाठी: शनिवारी गर्दी असते, बुधवारी दुपारी जा. डॉक्टरांची पहिली चिठ्ठी न्या, शेवटची नको, पहिली. कधीपासून सुरू झालं ते त्यातून दिसतं. तिकडच्या जमिनीची ताजी खसरा-बी-१ प्रत, पासबुक, आणि नातेवाइकांची खरी यादी, न आवडणाऱ्यांसकट. एखादं नाव लपवलंत तर त्यांना दुसऱ्या बैठकीत कळतं आणि मग आवाज चढतो.

आणि तुमचं माणूस भानावर असेल, फक्त हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल, तर जाऊच नका. आमच्या गल्लीतल्या काकांना मी पाठवलं होतं, त्यांच्या आईचं खातं रायपूरला. मॅडमनी दहा मिनिटं ऐकलं, आईशी फोनवर बोलल्या, आणि म्हणाल्या, "आजी तुमच्यापेक्षा हुशार आहेत. बँकेत दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचाच माणूस लागतो. घरी येऊन घेतात का ते विचारा." फी घेतली नाही. काका वैतागून परत आले, एवढा जिना चढून.